डायलॉग उघडा असताना खालचा ऑब्जेक्ट नाहीसा होतो तेव्हा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: क्यूटी या खिडक्या-बटणांचे प्रोग्रॅम लिहिण्याच्या लायब्ररीत लिहिलेल्या तुमच्या प्रोग्रॅममध्ये ‘बदल जतन करायचे का?’ असे विचारणारा डायलॉग तुम्ही एक्झेक (डायलॉग बंद होईपर्यंत परत न येणारे फंक्शन) वापरून उघडता, वापरकर्ता उत्तर देतो, आणि एक्झेकच्या पुढच्याच ओळीवर प्रोग्रॅम कधीकधी कोसळतो. डायलॉग मोडल, म्हणजे उत्तर देईपर्यंत बाकीच्या खिडक्या अडवून धरणारा, असल्यामुळे मध्ये दुसरे काही चालू शकणार नाही, असे तुम्ही गृहीत धरले आहे. अडचणीचे मूळ त्या गृहीतकातच आहे.

मोडल डायलॉग इतर खिडक्यांपर्यंत माऊस आणि कीबोर्डचे इनपुट पोहोचू देत नाही, एवढेच. एक्झेकच्या आत एक नवा इव्हेंट लूप, म्हणजे आलेल्या घटना एकेक करून हाताळणारे चक्र, सुरू होतो आणि तो बाहेरच्या लूपचीच सगळी कामे करत राहतो: टायमर वाजतात, सॉकेटवर (नेटवर्कच्या जोडणीवर) डेटा येतो, रांगेत थांबलेले सिग्नल (घटनेची सूचना) आपापल्या स्लॉटपर्यंत (ती हाताळणाऱ्या फंक्शनपर्यंत) पोहोचतात. थांबलेले असते ते फक्त तुमचे फंक्शन. त्यामुळे एक्झेक परत येईपर्यंत मधल्या काळात तुमच्या प्रोग्रॅममधले जवळजवळ काहीही बदललेले असू शकते, आणि त्याआधी तपासलेली प्रत्येक अट शिळी झालेली असते.

तुम्ही दिलेल्या वर्णनात सर्व्हरकडून ‘दस्तऐवज बंद झाला’ असा संदेश आला की दस्तऐवजाच्या ऑब्जेक्टवर डिलीटलेटर (ऑब्जेक्ट लगेच नव्हे, थोड्या वेळाने नष्ट करण्याची सूचना) बोलावले जाते, असा उल्लेख आहे. डिलीटलेटर कोणत्या पातळीवरच्या लूपमधून बोलावले गेले याची क्यूटी नोंद ठेवते आणि नियंत्रण त्या पातळीवर परत आल्यावरच ऑब्जेक्ट नष्ट करते. डायलॉग उघडण्यापूर्वी तुमच्या स्लॉटमधून ते बोलावले असते, तर आतल्या लूपने ऑब्जेक्टला हात लावला नसता. पण सर्व्हरचा संदेश डायलॉग उघडा असताना आला, म्हणजे डिलीटलेटर आतल्या लूपमधूनच बोलावले गेले, आणि त्या लूपच्या पुढच्याच फेरीत दस्तऐवज नष्ट झाला. त्याचेच एक फंक्शन स्टॅकवर (चालू फंक्शन्स आणि त्यांचे स्थानिक ऑब्जेक्ट ठेवणाऱ्या मेमरीत) खाली अर्धवट थांबलेले आहे, हे त्या लूपला कळण्याचा मार्ग नाही. डायलॉग मिटल्यावर ते फंक्शन जागे होते आणि अस्तित्वात नसलेल्या ऑब्जेक्टचे सदस्य वाचू लागते.

याच रचनेत आणखी एक धोका आहे, आणि तो मला अधिक घातक वाटतो. तुम्ही डायलॉग स्टॅकवर तयार केला आहे आणि त्याला खिडकी पेरेंट, म्हणजे मालक ऑब्जेक्ट, म्हणून दिली आहे. एक्झेक चालू असताना ती खिडकी नष्ट झाली, तर ती आपल्या चाइल्ड ऑब्जेक्टना, म्हणजे स्टॅकवरच्या डायलॉगलाही, डिलीट करू पाहते. स्टॅकवरची मेमरी अशी मोकळी करता येत नाही. प्रोग्रॅम तिथेच पडतो किंवा मेमरी बिघडून भलत्याच ठिकाणी पडतो.

यावर क्यूपॉइंटर (ऑब्जेक्ट नष्ट झाला की आपोआप रिकामा होणारा पॉइंटर) वापरून ‘ऑब्जेक्ट अजून आहे ना’ हे तपासण्याचा उपाय अनेक जण सुचवतात. तो चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे, कारण ऑब्जेक्ट जिवंत असूनही त्यातला मजकूर, निवड किंवा फाइलचा मार्ग बदललेला असू शकतो. माझा आग्रह फंक्शनचे दोन तुकडे करण्याचा आहे. पहिल्या तुकड्यात डायलॉग हीपवर (फंक्शन संपल्यावरही टिकणाऱ्या मेमरीत) तयार करा, बंद झाल्यावर तो आपोआप नष्ट व्हावा अशी सूचना द्या, ओपन (डायलॉग दाखवून न थांबता परत येणारे फंक्शन) बोलवा आणि लगेच परत या. पुढचे काम डायलॉग बंद झाल्यावर येणाऱ्या फिनिश्ड सिग्नलला जोडलेल्या दुसऱ्या तुकड्यात ठेवा. जोडणी करताना दस्तऐवज हाच संदर्भ-ऑब्जेक्ट म्हणून द्या, म्हणजे तो नष्ट झाला की जोडणीही आपोआप तुटते. क्यूटीच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतही एक्झेकऐवजी ओपन वापरण्याचाच सल्ला आहे आणि क्यूटीसारख्याच जीटीके ४ या लायब्ररीमधून तर एक्झेकसारखे डायलॉग-रन हे फंक्शन काढूनच टाकले आहे.

प्रगतिपट्टी हलती राहावी म्हणून तुम्ही लूपमध्ये प्रोसेसइव्हेंट्स (थांबलेल्या घटना मध्येच हाताळून घेणारे फंक्शन) बोलावले आहे, तोही याच दुखण्याचा दुसरा प्रकार आहे. मी स्वतः एकदा असेच केले होते. वापरकर्त्याने ‘आयात करा’ हे बटण दोनदा दाबले, पहिली आयात अर्धी असताना तिच्याच पोटात दुसरी सुरू झाली, आणि दुसरी संपेपर्यंत पहिली एक ओळही पुढे सरकू शकली नाही. आतला लूप संपल्याशिवाय बाहेरचा संपत नाही. बाहेरच्याला क्विट सांगितले तरी तो आतल्यासाठी थांबतोच. इनपुट वगळण्याचा ध्वज दिला तर बटणाचा प्रश्न तेवढ्यापुरता सुटतो, टायमर आणि सॉकेट मात्र तसेच राहतात. लांब काम वेगळ्या थ्रेडवर (समांतर चालणाऱ्या धाग्यावर) न्या, किंवा त्याचे छोटे भाग पाडून शून्य मिलिसेकंदांच्या टायमरने एकेक चालवा.

सगळा कोड एकदम बदलण्याआधी बिघाड हमखास घडवून पाहा. एक्झेकच्या आदल्या ओळीवर ५०० मिलिसेकंदांचा एकदाच वाजणारा टायमर लावा आणि सर्व्हरचा संदेश आल्यावर जे फंक्शन चालते, तेच त्यातून बोलवा. टायमर आतल्या लूपमध्येच वाजेल, त्यामुळे तो वाजून गेल्यावर डायलॉगला उत्तर दिले की एरवी क्वचित दिसणारा दोष दर वेळी समोर येईल. नष्ट झालेली मेमरी वाचूनही प्रोग्रॅम योगायोगाने तगू शकतो, म्हणून ही चाचणी ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारे साधन) लावूनच चालवा. प्रत्येक एक्झेक ओपनमध्ये बदलल्यानंतर तीच चाचणी त्या ठिकाणी पुन्हा करा.