लग्नाआधी त्याच्या गावी जाऊ का?

प्रश्न : मी 28 वर्षांची असून मिरजेतील एका खासगी रुग्णालयात, अतिदक्षता विभागात, स्टाफ नर्स आहे. येत्या जूनमध्ये या नोकरीला पाच वर्षे पूर्ण होतील. मूळ पगार 15 हजार आहे आणि भत्ते धरून हातात 24 हजार येतात. त्यांतील नऊ हजार मी घरी देते, कारण वडील साखर कारखान्यातून निवृत्त झाले आहेत आणि धाकट्या भावाचा डिप्लोमा अजून व्हायचा आहे. माझे ज्याच्यावर प्रेम आहे तो तासगावकडचा असून बेंगळुरूला व्हाइटफील्ड भागात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. गेली साडेतीन वर्षे आमचे नाते फोनवर आणि सुट्ट्यांवर चालले आहे. दोन्ही घरी माहीत आहे, विरोध कोणाचाच नाही. पण त्याच्या घरचे म्हणतात की आधी त्याच्या बहिणीचे लग्न होऊ द्या, आणि तिचे स्थळ अजून पाहणे चालू आहे. तो म्हणतो, ‘किती दिवस असे काढायचे? नोकरी सोड आणि इकडे ये, एकत्र राहू. तुला काम मिळेपर्यंत मी आहेच, नाही मिळाले तरी काही बिघडत नाही.’ पुण्यात नोकरी बघ असे मी सुचवले तेव्हा त्याच्या पदाचे काम तिथे नाही असे तो म्हणाला. आईला भावकी काय म्हणेल याची काळजी आहे. वडील म्हणतात, निदान साखरपुडा तरी करा. मी सरकारी भरतीच्या परीक्षाही देत आहे. मी जावे का? नाही म्हटले तर तो दुरावेल अशी भीती वाटते.
— एक वाचक, मिरज

उत्तर : तुमच्या पत्रात प्रश्न एकच विचारलेला असला तरी त्यात दोन प्रश्न गुंतलेले आहेत, आणि ते वेगळे केल्याशिवाय उत्तर देता येणार नाही. बेंगळुरूला जावे का, हा एक प्रश्न. आणि नोकरी सोडून, लग्नाची तारीख ठरलेली नसताना, त्याच्या घरात त्याच्या पगारावर राहायला जावे का, हा दुसरा. पहिल्याला माझे उत्तर होकारार्थी आहे, पण त्याला अटी आहेत. दुसऱ्याला सरळ नाही.

तुमच्या मित्राच्या बोलण्यातले मला सर्वांत जास्त खटकलेले वाक्य म्हणजे ‘नाही मिळाले तरी काही बिघडत नाही’. ते त्याने प्रेमाने म्हटले असणार, यात शंका नाही. पण तुमची नोकरी थांबली तर मिरजेत दरमहा नऊ हजारांचा खड्डा पडतो. ईपीएस-95 चे, म्हणजे भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या योजनेचे, निवृत्तिवेतन किती तुटपुंजे असते हे साखरपट्ट्यातल्या वाचकांना सांगायला नको. त्यावर घर आणि मुलाचे शिक्षण दोन्ही चालत नाही. म्हणजे हे पैसे तो तुमच्या घरी पाठवणार आहे का, की भावाच्या फीसाठी तुम्हाला दर महिन्याला त्याच्यापुढे हात पसरावा लागणार आहे? हे त्याने मनात आणलेच नसावे असे मला वाटते, कारण तुमचा पगार त्याच्या लेखी तुमच्या हातखर्चाचा आहे आणि प्रत्यक्षात तो एका कुटुंबाचा आधार आहे. त्याच्याशी बोलायला बसाल तेव्हा सुरुवात इथूनच करा.

आता कामाच्या बाजूकडे येऊ. अतिदक्षता विभागातील अनुभव असलेल्या परिचारिकेला बेंगळुरूच्या मोठ्या रुग्णालयांत काम मिळणे अवघड नाही, आणि व्हाइटफील्डच्या आसपासच अशी रुग्णालये आहेत. शिवाय मिरजेच्या वॉर्डात अथणी, जमखंडी, विजापूरकडचे रुग्ण रोज सांभाळणाऱ्या सिस्टरला कानडी कानावरून गेलेले असते. बेंगळुरूची बोली निराळी असली तरी तुम्ही अगदी कोऱ्या पाटीने जाणार नाही. मात्र महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीवर कर्नाटकात नियमित काम करता येत नाही. इथल्या परिषदेचे ना हरकत प्रमाणपत्र घेऊन तिकडच्या राज्य परिषदेत नोंदणी करावी लागते, आणि ते काम एका आठवड्यात उरकत नाही. म्हणून राजीनामा आधी आणि कागदपत्रे नंतर हा क्रम उलटा करा. तुमची मूळ प्रमाणपत्रे रुग्णालयाच्या कपाटात ठेवून घेतलेली असतील (खासगी रुग्णालयांत हा प्रकार अजून चालतो), तर ती राजीनाम्याचा विषय न काढता नोंदणीच्या निमित्ताने आधी हातात घ्या.

जूनपर्यंत तर मुळीच हलू नका. ग्रॅच्युइटी मिळण्यासाठी पाच वर्षांची सलग सेवा लागते आणि तिची रक्कम शेवटच्या मूळ पगाराला 15 ने गुणून, 26 ने भागून, सेवेच्या वर्षांनी गुणून काढतात. मूळ पगार 15 हजार धरला तर पाच वर्षांचे सुमारे 43 हजार रुपये होतात. नव्या शहरात बिऱ्हाड मांडताना ही रक्कम तुमच्या नावावर असणे आणि नसणे यांत फार फरक पडतो. भविष्य निर्वाह निधी काढू नका, त्याच यूएएन (नोकरी बदलली तरी कायम राहणाऱ्या) क्रमांकावर नव्या नोकरीत वर्ग करून घ्या.

परीक्षांचेही पाहा. एम्स रुग्णालयांतील परिचारिका भरतीच्या नॉर्सेट परीक्षेला खुल्या गटासाठी वयाची मर्यादा 30 आहे, म्हणजे तुमच्या हातात फार वेळ नाही. महाराष्ट्र शासनाच्या भरतीत खुल्या प्रवर्गासाठी ही मर्यादा 38 आहे, पण तिथे अधिवासाचा दाखला लागतो. तो राज्यातील 15 वर्षांच्या वास्तव्यावर मिळतो आणि अजून काढला नसेल तर मिरज सोडण्यापूर्वी काढून ठेवा. उद्या तुमची निवड नागपूरला किंवा छत्रपती संभाजीनगरला झाली तर काय करायचे, हे तुम्ही दोघांनी कधी बोलला आहात का? पत्रात तसे दिसत नाही. तुमच्या दोघांच्या हिशेबात त्याची नोकरी कायमची आणि तुमची हलवता येण्याजोगी असे न बोलताच ठरून गेलेले आहे.

पुण्याचा विषयही त्याने फार लवकर मिटवला. हिंजवडी आणि खराडी असताना सॉफ्टवेअरमधल्या माणसाला पुण्यात कामच नाही, हे सहज पटण्यासारखे नाही. त्याच्या नेमक्या तंत्रज्ञानाच्या जागा तिथे कमी असतील, पगार कमी पडत असेल, हे शक्य आहे. पण त्याने एक तरी अर्ज केला होता का, कंपनीत बदलीचे किंवा काही दिवस घरून काम करण्याचे विचारले होते का, एवढे शांतपणे विचारा. विचारून नकार मिळाला असेल तर त्याचे म्हणणे मान्य करा. विचारलेच नसेल, तर तुम्ही सगळे सोडून यावे असे म्हणणाऱ्याने स्वतः एक ईमेलही पाठवलेला नाही, याची नोंद मनात घ्या.

बहिणीचे लग्न आधी, ही अट आपल्याकडे इतकी रूढ आहे की तिच्याबद्दल कोणावर रागावण्यात अर्थ नाही. घरात लागोपाठ दोन कार्ये नकोत, खर्च झेपत नाही, मोठ्या मुलाने आधी बोहल्यावर चढले तर बहिणीला स्थळे येताना प्रश्न विचारले जातात, ही कारणे त्या घरापुरती खरी आहेत. पण ज्या गोष्टीला अजून स्थळच नाही तिच्यावर तुमचे लग्न टांगलेले आहे, आणि तोवर संसार मात्र सुरू करायचा आहे. कायद्याची काही अडचण नाही. विशेष विवाह कायदा, 1954 प्रमाणे दोघांपैकी एक जण ज्या जिल्ह्यात किमान 30 दिवस राहिलेला असेल तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, आक्षेपांसाठी 30 दिवस थांबायचे आणि तीन साक्षीदारांसमोर सह्या करायच्या. सांगली जिल्ह्यात तुम्ही राहताच. उद्याच तसे करा असे मी म्हणत नाही. पण ‘आत्ता लग्न शक्य नाही’ या वाक्याचा अर्थ ‘घरच्यांना आत्ता सोयीचे नाही’ एवढाच आहे, हे दोघांनाही स्पष्ट असावे.

लग्नाशिवाय एकत्र राहणे हा गुन्हा नाही आणि त्यावर नैतिक शेरे मारण्याचे हे सदर नाही. तरीही त्यातून काय मिळते आणि काय मिळत नाही हे माहीत असावे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचे संरक्षण विवाहसदृश संबंधातल्या स्त्रीला मिळू शकते. मात्र 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की असे प्रत्येकच सहजीवन त्यात बसत नाही, दोघांनी समाजात पतीपत्नीसारखे वावरलेले असावे आणि बऱ्यापैकी काळ स्वेच्छेने एकत्र राहिलेले असावे. जोडीदाराच्या मालमत्तेत पत्नीसारखा वारसाहक्क मिळत नाही, आणि कंपनीच्या आरोग्य विम्यात बहुधा पत्नीचे नाव चालते, मैत्रिणीचे चालत नाही. साखरपुड्यानेही यांतले काही मिळत नाही. तरी तुमच्या वडिलांचे म्हणणे मला शहाणपणाचे वाटते, कारण साखरपुड्याच्या बैठकीत दोन्हीकडची वडीलधारी माणसे समोरासमोर बसतात आणि ‘लग्न केव्हा’ या प्रश्नाला चारचौघांत उत्तर द्यावे लागते. इतके दिवस हे घोंगडे भिजत पडले आहे ते तो प्रश्न कोणी मोठ्याने विचारला नाही म्हणून.

म्हणून माझी सूचना अशी. जूननंतर, कर्नाटकातील नोंदणी आणि नोकरीचे पत्र हातात आल्यावर बेंगळुरूला जा, परंतु पहिले सहा महिने त्याच्या घरात राहू नका. अनेक मोठी रुग्णालये परिचारिकांना वसतिगृह देतात. मुलाखतीतच त्याची चौकशी करा. ज्यांचे नाते साडेतीन वर्षे फोनवर वाढले आहे त्यांनी एकमेकांना थकलेले, चिडलेले, सकाळी न बोलणारे असे पाहिलेलेच नसते. तुमची नाइट ड्युटी सकाळी संपणार आणि त्याच वेळी त्याची पहिली मीटिंग सुरू होणार. आठवड्याची सुट्टी तुम्हाला मंगळवारी आणि त्याला शनिवार-रविवारी. हे सगळे स्वतःच्या खोलीचे दार हाताशी असताना पाहून घेणे बरे. पुढे एकत्र राहायचे ठरले तर घर तुमच्या रुग्णालयाजवळ घ्या, कारण उशिरा एकटीने परतण्याची वेळ तुमच्यावर येणार आहे, त्याच्यावर नाही. भाडेकरारावर दोघांची नावे घाला आणि अनामत रकमेत तुमचा वाटा असेल तर तो बँकेतूनच द्या. बेंगळुरूत अनामत अनेक महिन्यांच्या भाड्याइतकी मागतात, त्यामुळे ती रक्कम किरकोळ नसते.

नाही म्हटले तर तो दुरावेल, या भीतीबद्दल थोडेसेच लिहिते. तुम्ही त्याला नाही म्हणणार नाही आहात. ‘जूननंतर, माझ्या नोकरीवर, आणि लग्नाचा महिना ठरवून’ असे सांगणार आहात. राणी चन्नम्मा एक्सप्रेस मिरजेवरून रात्रभरात बेंगळुरूला पोहोचते. तो एका शनिवारी घरी आला की हे फोनवर न बोलता समोर बसून बोला. एवढे ऐकून तो नाराज झाला तर आठवडाभर होऊ द्या. त्याने महिना सांगायलाच नकार दिला, तर मिरजेची नोकरी सोडू नका.

प्रश्न : मी 31 वर्षांचा असून नाशिकला सातपूर औद्योगिक वसाहतीत गुणवत्ता विभागात काम करतो. माझी होणारी पत्नी जर्मनीत म्युनिकला ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर) नोकरी करते. साखरपुडा झाला आहे, लग्न पुढच्या वर्षी आहे. ती म्हणते, आताच पर्यटक व्हिसावर येऊन तीन महिने राहा आणि इथेच काम शोध. नोकरी सोडून जाऊ का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : भेटायला जरूर जा, नोकरी मात्र सोडू नका. पर्यटकांच्या शेंगेन (युरोपातील अनेक देशांच्या सामाईक) व्हिसावर कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येते, त्यावर नोकरी करता येत नाही, आणि काम मिळालेच तरी सर्वसाधारणपणे भारतात परतून नव्या व्हिसाचा अर्ज करावा लागतो. उलट लग्नानंतर ब्लू कार्डधारकाचा जोडीदार म्हणून गेलात, तर कोणतीही नोकरी करण्याची मुभा असते आणि व्हिसासाठी आधी जर्मन भाषेच्या परीक्षेचीही सक्ती नसते. परीक्षा नको म्हणून भाषा नको असे मात्र समजू नका. कारखान्याच्या गुणवत्ता विभागात कामगारांशी आणि नोंदवह्यांशी रोजचा संबंध येतो, तो जर्मनमध्येच. हे वर्ष नाशिकमध्ये पगार घेत भाषा शिकण्यात घालवलेत तर ते वाया जाणार नाही.

लग्न लांबणारच असेल तर 2024 च्या जूनपासून सुरू झालेले जर्मनीचे संधी कार्ड (नोकरी शोधण्यासाठीचा परवाना) पाहा. त्यावर वर्षभरापर्यंत तिथे राहून नोकरी शोधता येते आणि आठवड्याला 20 तासांपर्यंत अर्धवेळ काम करता येते. त्यासाठी शिक्षण, अनुभव, वय, भाषा यांचे गुण जमावे लागतात आणि खर्चाची तरतूद दाखवावी लागते. यंदा साठलेल्या रजेतून दोन-तीन आठवडे, शक्यतो जानेवारीत, जाऊन या; उन्हाळ्यातला म्युनिक सगळ्यांनाच आवडतो. आणि लग्नाच्या नोंदणीचा अर्ज भरताना दोघांची नावे पासपोर्टवर आहेत तशीच, मधल्या नावासकट, लिहा, कारण पुढे व्हिसाच्या कागदांत नेमके तिथेच घोडे अडते.