कायमची सुपारी

मी नाशिकला समुपदेशन करते. माझ्या टेबलावर काच आहे. तो समोर बसला की तोंड उघडायच्या आधी त्याची बोटं त्या काचेवर वाजायला लागायची. एका हाताची सरळ, दुसऱ्या हाताची तर्जनी मात्र आकड्यासारखी वाकवलेली. तिसऱ्या भेटीत विचारलं तेव्हा कळलं, संबळाच्या दोन काठ्यांपैकी एक टोकाशी वाकडी असते, तिचं काम ते बोट करत होतं. घर गोंधळ्यांचं. वडील अंबडच्या कारखान्यात पाळीवर जातात आणि लग्नसराईत जागरण-गोंधळ करतात. मुलगा २७ वर्षांचा. सातपूरची नोकरी सोडून दीड वर्ष घराच्या माळ्यावर संबळ आणि कॉम्प्युटरचे ठोके एकत्र करून गाणी करत होता. शब्द, चाल, आवाज, सगळं स्वतःचं. (त्याच्या परवानगीनं लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पहिल्या दिवशी त्यानं विचारलं होतं, "मॅडम, या लाइनमध्ये आपलं कुणी नाही. सगळं कंपन्यांच्या हातात. माझ्यासारख्या बाहेरच्यानं उगाच जीव जाळायचा का?"

नाशिकच्या पोरांकडून हा प्रश्न मी अलीकडे वरचेवर ऐकते. मुंबई इतकी जवळ की पंचवटी एक्स्प्रेसनं सकाळी जाऊन रात्री जेवायला घरी येता येतं. त्यामुळे तिथलं बंद दारही रोज जाऊन बघता येतं, आणि मला वाटतं त्याचा त्रास लांबच्या माणसापेक्षा जास्त होतो.

सुरुवातीला मी चुकले. दर पंधरा मिनिटांनी तो ॲप उघडून गाणं किती जणांनी ऐकलं ते बघायचा. मला वाटलं, दुखणं हेच. आठवडाभर ॲप काढून टाकायला सांगितलं. पठ्ठ्यानं काढलंही, आणि पुढच्या मंगळवारी डोळे खोल गेलेला परत आला. आकडा दिसत नव्हता म्हणून तो मनातल्या मनात आकडे लावत बसला होता, आणि ते सगळे खऱ्याहून वाईट होते. झोप नाही, जेवण एक वेळचं. अशा वेळी मी आडून विचारत नाही. "जगावंसं वाटत नाही, असं मनात येतं का?" त्याचं उत्तर नाही असं होतं आणि ते मला पटलं. तरी रात्री-अपरात्री फोन करता येईल असा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मी त्याच्या मोबाईलमध्ये माझ्यासमोर भरायला लावला.

त्याच भेटीत त्यानं खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. गाण्यांच्या कमाईचा हिशोब. वर्षभरात ७४० वेळा ऐकलं गेलेल्या गाण्यासमोर रक्कम होती शून्य. "बघा. माझी किंमत."

मी विचारलं, शून्य कसं आलं? तर त्यानंच मला सगळं समजावलं, आणि छान समजावलं. बहुतेक ॲपवर एका गाण्यामागे ठरलेला भाव नसतोच. महिन्याची कमाई एका हंड्यात जाते आणि कुणाचं किती ऐकलं गेलं त्या प्रमाणात वाटली जाते. म्हणजे माळ्यावर केलेलं गाणं आणि कोट्यवधी खर्चून वाजवलेलं सिनेमाचं गाणं एकाच पंगतीला. वर एका मोठ्या ॲपचा २०२४ पासूनचा नियम असा, की १२ महिन्यांत १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टीच मिळत नाही.

"म्हणजे हे शून्य नियमातून आलंय."

"हो."

"मग मघाशी किंमत कुणाची म्हणालास?"

तो गप्प बसला. कळत होतं, वळत नव्हतं. त्याचं गाणं चांगलं की वाईट हे मी त्याला सांगितलेलं नाही. तो माझा अधिकार नाही आणि मला संगीतातलं कळतही नाही. पण त्या शून्यालाही ते कळत नाही, एवढं मी म्हणू शकत होते.

मग मी त्याला एक वही दिली. दीड वर्षात ज्यांना ज्यांना गाणी पाठवली त्यांची यादी कर, म्हटलं. तीन रकाने: होकार, नकार, उत्तर नाही. तो म्हणाला, सगळे नकारच आहेत. मी म्हटलं, मोज. ४१ निघाले. स्पष्ट नकार तीन. "उत्तर नाही" ३७. त्या ३७ जणांनी आपल्याला नाकारलं असं धरून हा दीड वर्ष चालत होता, आणि त्यातल्या किती जणांनी गाणं उघडलंसुद्धा नसेल. गाणं न उघडणं हेही लागतंच जिवाला, मी ते नाकारत नाही. पण ते लागणं वेगळं.

इथे माझ्याकडून एक गमतीदार आगाऊपणा झाला. नाशिकची असल्यामुळे मोह आवरला नाही. शास्त्रीय गायक विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय ही संगीतशाळा काढली ती राजाश्रय सोडून, लोकांच्या पैशावर; पुढे कर्जात मुंबईची इमारत गेली, आणि मग ते इथेच, आपल्या पंचवटीत येऊन राहिले, असं सगळं सांगून झालं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "मॅडम, ते पलुस्कर होते." त्यानंतर मी मोठ्यांचे दाखले देणं बंद केलंय.

तर, ४१ मधला एक उरला. तो होकार होता. एका कंपनीचा करार आला होता आणि त्याबद्दल हा चार भेटी एक शब्द बोलला नव्हता. ५०,००० रुपये आगाऊ, सही शुक्रवारपर्यंत. साहित्यासाठी काढलेलं कर्ज होतं ८५,०००. "सही केली की बाबांना सांगता येईल, कंपनीनं घेतलं म्हणून." करारापेक्षा हे वाक्य मला महत्त्वाचं वाटलं.

सही कर किंवा करू नको, हे समुपदेशकानं सांगायचं नसतं. मी त्याला वकिलाकडे पाठवलं. वकिलीणबाईंनी दोन गोष्टी दाखवल्या. करारात मुदत लिहिली नसेल तर कॉपीराइट कायदा ती ५ वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत; इथे दोन्ही लिहिलं होतं, "कायमस्वरूपी" आणि "संपूर्ण जगभर". दुसरं, गीतकार-संगीतकार म्हणून मिळणाऱ्या रॉयल्टीवर पाणी सोडतो असं एक कलम होतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ते टिकत नाही. हक्क कंपनीला दिले तरी रॉयल्टीतला समान वाटा गीतकार-संगीतकाराचा राहतो, तो सोडायचा म्हटलं तरी सोडता येत नाही; वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेलाच, म्हणजे सभासदांच्या वतीनं रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेलाच, देता येतो. अशी एक संस्था, आयपीआरएस, १९६९ पासून आहे, तिचा सभासद हो, असंही त्या म्हणाल्या.

एवढं ऐकूनही तो सहीच्या बाजूला झुकत होता. म्हणून गुरुवारी मी वडिलांना बोलवायचं सुचवलं. तो तयार नव्हता, मग झाला.

वडील पहिली पाळी आटपून तसेच आले. खुर्चीच्या कडेवर बसले, डबा मांडीवर. मुलानं मान खाली घालून करार वाचून दाखवला. "कायमस्वरूपी" आल्यावर त्यांनी हात वर केला.

"थांब. सुपारी घेताना आपण काय बोलतो? तारीख, गाव, बिदागी. बरोबर?"

"हो, बाबा."

"कायमची सुपारी कुणी घेतं का रे? उद्या दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं तर यांना विचारायचं?"

मुलगा म्हणाला, "पण कंपनीचं नाव लागेल. लोक तुम्हाला विचारतात, पोरगा काय करतो."

वडील जरा वेळ माझ्या टेबलाच्या काचेकडे बघत होते. मग म्हणाले, "मी सांगतो ना, संबळ वाजवतो. अजून काय सांगायचं असतं?"

त्याच्या कल्पनेतले वडील दीड वर्ष मान खाली घालून फिरत होते. खऱ्या वडिलांना कर्जाची काळजी होती, आणि ती त्यांनी तिथेच बोलून दाखवली: नोकरी अर्धवेळ का होईना, धर. तो चिडला. त्यावर आम्ही आणखी तीन भेटी घालवल्या. शेवटी एका साउंडवाल्याकडे त्यानं काम धरलं, महिन्यातले पंधरा दिवस. हप्ते चालू झाले. आकडे तो अजूनही बघतो, रात्री झोपताना एकदा आणि कधी कधी दोनदा.

शुक्रवारी त्यानं सही केली नाही. मुदत ५ वर्षं करा आणि ते कलम काढा, असं कंपनीला लिहिलं. महिन्यानं मी विचारलं, काय झालं? त्यानं वही काढून दाखवली. त्या कंपनीचं नाव "होकार"मधून खोडून "उत्तर नाही"मध्ये नेलं होतं, ३८ वं. पुढची भेट कधी ठेवू म्हटलं तर म्हणाला, "मंगळवार नको मॅडम, सिन्नरला गोंधळ आहे. बाबांबरोबर."