‘अशी ही बनवाबनवी’ नव्याने आला तर प्रेक्षक म्हणून तुमच्या काय अपेक्षा असतील?

साडी नेसलेल्या दोन पुरुषांना विदूषक करू नका, ही माझी पहिली अपेक्षा. ती पूर्ण होणार नसेल तर बाकीच्यांवर बोलण्यातच अर्थ नाही.

हा विषय निघाला की लोक लगेच नटांच्या याद्या करायला बसतात. अशोक सराफांच्या जागी कोण, लक्ष्मीकांत बेर्डेंच्या जागी कोण, घरमालक सरपोतदार कोण होणार. मग कुणीतरी ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ टाकतं आणि चर्चा संपते. भाड्याची जागा मिळावी म्हणून चार मित्रांपैकी दोघे बायका होतात, त्या १९८८ सालच्या सिनेमात नक्की काय जमून आलं होतं, हे कुणी बोलतच नाही. मला बोलायचंय, कारण माझे वडील दशावतारात, म्हणजे आमच्याकडच्या जत्रांमधल्या रात्रभराच्या नाटकात, स्त्रीपार्टी करायचे, बायकांच्या भूमिका.

आम्ही सिंधुदुर्गातल्या कुडाळकडचे. त्रिपुरारी पौर्णिमेच्या सुमारास जत्रा सुरू झाल्या की बाबा घरी फक्त झोपायला यायचे. रात्रभर कुठल्या तरी गावच्या देवळासमोर नाटक आणि सकाळी डोळ्यांत उरलेलं काजळ. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आज कुठलं आख्यान आणि कोणी काय करायचं, एवढं ठरतं. पुढचं सगळं नटाने रंगमंचावर उभ्या उभ्या बोलायचं. पेटाऱ्यावर बसून, हातात छोटा आरसा धरून बाबा स्वतःच रंगायचे, स्वतःच नऊवारी नेसायचे. पखवाज आणि पेटी सुरू झाली की तिथे माझे वडील नसायचेच, एक राणी असायची. गावातल्या बायका त्यांच्या निऱ्या कशा बसल्यात ते बघायला पुढे येऊन बसत. माझ्या आईला साडी चापूनचोपून नेसायला बाबांनी शिकवलं, हे ती अजून कौतुकाने सांगते.

आणि शाळेत मला मुलं ‘बायल्याची मुलगी’ म्हणायची. हेही होतं.

आता मूळ गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत २६ जानेवारीच्या सत्यनारायणाच्या पूजेला कार्यक्रम ठरला. माझे दीर हौशी रंगकर्मी आहेत. त्यांनी बनवाबनवीवर अर्ध्या तासाचं प्रहसन लिहिलं आणि माझ्या पुतण्याला पार्वती केलं, म्हणजे सिनेमात बेर्डे साडी नेसून जी बाई होतात ती. पोरगा कॉलेजात, अंगापिंडाने आडवा, चेहरा अगदी भोळा. तालीम आमच्याच हॉलमध्ये. बाबा तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले होते. एका डोळ्याला हिरवी पट्टी लावून ते कोपऱ्यात बसून बघत होते.

भाऊजींनी त्या पोराच्या ब्लाउजमध्ये दोन फुगे भरले होते. गालांवर लाल गोळे. आवाज चिरका. दर दोन वाक्यांनी फुगा सरकायचा, तो सारखा करायचा, कंबर हलवायची, परत फुगा सरकायचा. हॉलमधले सगळे हसत होते. बाबा बघत राहिले, बोलले काहीच नाहीत. जावयाच्या भावाला तोंडावर ते बोलणारही नव्हते.

दुसऱ्या दिवशी पोराला त्यांनी बोलावून घेतलं. आधी फुगे काढायला लावले. मग विचारलं, ‘तू साडी कित्याक नेसलं?’ पोरगा म्हणाला, रोल आहे म्हणून. बाबा म्हणाले, ‘तसा न्हय. पार्वती झालेलो जो माणूस आसा, तो कित्याक नेसलो?’ पोराने जरा विचार केला आणि म्हणाला, घर जाईल म्हणून. मग बाबांनी सांगितलं, ‘मगे ता दाखय. तेका भ्या वाटता. बाईची नक्कल करू नको. लोकांका हसाक आपसूक येतला.’

पुढे रोज संध्याकाळी बाबांची शिकवणी. बाई बसते तेव्हा आधी पदर सावरते, मग बसते. अनोळखी माणूस समोर आला की नजर आधी त्याच्या चेहऱ्यावर जात नाही, दाराकडे जाते. चहाचा कप हातात असताना पदर घसरला तर कप कुठल्या हातात घ्यायचा. पोराला घाम फुटायचा, पण तो शिकला. आणि शिकताना त्याच्या लक्षात आलं की बाई होणं म्हणजे कंबर हलवणं नाही, सतत सावध असणं आहे. तोच मला एकदा म्हणाला, ‘काकू, तुम्ही हे दिवसभर करता?’

कार्यक्रमाच्या दिवशी पार्वती आली तेव्हा लोक जरा गप्पच होते. भाऊजी विंगेत हातवारे करत होते, की मोठ्याने बोल, हल जरा. पोराने ऐकलं नाही. मग घरमालकिणीचा प्रवेश आला. तिने पार्वतीला जवळ बसवून मायेने विचारलं, कितवा महिना गं? पोराने काही केलं नाही, नुसतं पार्वतीचा नवरा झालेल्या शंतनूकडे बघितलं. इतका हशा आला की पुढची वाक्यं ऐकूच आली नाहीत. आमच्या इमारतीतल्या एक आजी, ज्या कुठल्याच कार्यक्रमाला थांबत नाहीत, त्या खुर्ची धरून हसत होत्या.

भाऊजींचं म्हणणं आजही हेच आहे, की फुगे असते तर पहिल्या मिनिटापासून हशा आला असता. दर दिवाळीला हा वाद होतो. त्यांना माझं एकच म्हणणं आहे: पहिल्या मिनिटाला आलेला हशा दहाव्या मिनिटाला संपतो, कारण फुगा सरकण्यापलीकडे त्यात घडत काहीच नाही.

आता मूळ सिनेमा परत बघा. सचिन पिळगांवकरांची सुधा किती कमी ‘करते’ ते बघा. आवाज, चाल, पदर, सगळं बेताचं. ती खरंच कुणाच्या घरातली थोरली सून वाटते, म्हणून तिच्या शेजारी बेर्डेंची पार्वती शोभते. पार्वती मोठी आहे, धसमुसळी आहे, मधूनच तिच्यातला पुरुष बाहेर येतो. पण बेर्डे बायकांना हसत नाहीत. ते अडकलेला माणूस दाखवतात. पार्वतीचं डोहाळजेवण चालू असतं, ‘कुणीतरी येणार येणार गं’ म्हणत बायका कौतुक करत असतात आणि मधोमध बसलेल्या माणसाला पळायला वाट नसते. हसू त्या कोंडीतून येतं. हे लिहिणारे वसंत सबनीस म्हणजे ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य लिहिणारे. हशा कुठून उगवतो हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

मूळ कथेला हात लावू नये म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. बनवाबनवी स्वतःच हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या ‘बीवी और मकान’वरून आलेला आहे. तिथेही जागा मिळत नाही म्हणून दोघे मित्र बायका होतात. महेश कोठारेंचा १९८५चा ‘धूमधडाका’ घ्या, त्याच्या मागे ‘प्यार किये जा’ आणि त्याच्याही मागे तमिळ सिनेमा. आपले लाडके विनोदी सिनेमे असेच दुसरीकडून येऊन आपल्या मातीत रुजले. बनवाबनवीला पुण्याचं घर मिळालं, पुण्याचा घरमालक मिळाला, म्हणून तो आपला झाला. तेव्हा नवा आला तर येऊ दे. पण जुने संवाद पुन्हा म्हणून दाखवणार असाल तर ते आम्हाला पाठ आहेत, त्यासाठी तिकीट कशाला काढू? सत्तर रुपये आणि लिंबू कलरची साडी नव्या सिनेमात एकदाही येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बेर्डे आणि शंतनू झालेले सिद्धार्थ रे २००४ साली गेले, सरपोतदार झालेले सुधीर जोशी त्याच्या पुढच्या वर्षी. त्यांचे चेहरे संगणकावर जिवंत करून आणण्याचा विचारही कुणी करू नये.

कथेचं म्हणाल तर खरी अडचण आहे आधार कार्डाची. १९८८ साली जोडपं म्हणून सांगितलं की काम भागत होतं. आता अकरा महिन्यांचा करार, पोलीस व्हेरिफिकेशन, सोसायटीची परवानगी, गेटवर ॲप. सुधाचं आधार कार्ड कुठून आणणार? लेखकाने हे आधी सोडवावं, नाहीतर पहिल्या पंधरा मिनिटांत प्रेक्षक सुटणार. मला सुचतं ते असं: जागा जुन्या वाड्यात असावी. वाडा बिल्डरकडे जाणार आहे, म्हणून मालकिणीला भाडेकरूचा एकही कागद नको आहे. रोख भाडं, करार नाही, पण अट एकच, की संसारी माणसं हवीत. आणि ते चौघे एमपीएससीचा अभ्यास करणारे असावेत. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारी, अभ्यासिका आणि मेस यांच्यामध्ये वर्षं काढणारी मुलं कुणीही जाऊन बघावीत. घरच्यांना सांगितलंय की यंदा पोस्ट निघणारच, खिशात पैसे नाहीत, आणि सगळीकडे ‘फक्त फॅमिली’. जागा गेली तर परीक्षाही गेली. असं भय असलं की मग साडीला अर्थ येतो. गाणी, नायिका, पाहुणे कलाकार हे ज्याचं त्याने ठरवावं. नायिकांना मात्र या वेळी फसवलं जाण्यापलीकडे काही काम द्या.

एक सांगायचं राहिलं. पुरुषाने बाई होऊन मोठ्याने हसवणं मुळातच वाईट, असं मी म्हणत नाही. तमाशाच्या गवळणीतली मावशी पुरुषच करतो, ती फटकळ असते, अंगविक्षेपही करते, आणि मला ती आवडते. पण तिथे पुरुष आहे हे गवळणींना, कृष्णाला, प्रेक्षकांना सगळ्यांना माहीत असतं. मावशी काही लपवत नाही. सुधा आणि पार्वतीला लपवायचं आहे. मावशीचा अभिनय पार्वतीला लावला तर मालकीण आंधळी ठरते आणि सिनेमा खोटा. भाऊजींना हा फरक मी कितीतरी वेळा सांगितलाय.

म्हणून नवा सिनेमा काढणाऱ्यांना माझी एकच सूचना आहे. सुधा-पार्वती करणाऱ्या दोन्ही नटांना शूटिंगच्या आधीच्या हिवाळ्यात सिंधुदुर्गात पाठवा. जत्रा डिसेंबर-जानेवारीत जोरात असतात. पुढे खुर्ची टाकून बसू नका, देवळामागे जिथे नट रंगतात तिथे बसा, आणि स्त्रीपार्टी करणाऱ्या कुणा जाणत्या माणसाला रीतसर मानधन देऊन दोन महिने शिका. श्रेयनामावलीत त्याचं नाव नटांच्या बरोबरीने द्या. हे केलंत तर पहिल्या दिवशीचा पहिला शो मी बघेन, आणि भाऊजींचं तिकीटही मीच काढेन.