‘खून’, ‘हत्या’ आणि वर्मी लागलेला शब्द

धरमपेठेतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या मुलीला शाळेसाठी बायबलातल्या दहा आज्ञांचा तक्ता मराठीतून करायचा आहे. आजी म्हणते ‘हिंसा करू नये’ असं लिही, काका म्हणतात ‘हत्या करू नको’, आणि शेजारच्या ख्रिस्ती काकूंच्या बायबलात ‘खून करू नको’ छापलेलं आहे. यातलं बरोबर कोणतं? काकूंनी आणखी एक सांगितलं, की रागाने भावाला ‘मूर्खा’ म्हणणंही येशूने याच आज्ञेत धरलं आहे. त्यावर मुलीने विचारलं, “मग मी रोज दादाचा खून करते का?” ताईंना हवंय ते हे, की रागाचा शब्द आणि जीव घेणं यांना जोडणारं मराठीत काही आहे का.

तक्त्यावर ‘खून’च लिहा, ताई. का ते सांगतो.

मूळ हिब्रूत ही आज्ञा दोनच शब्दांची आहे: ‘लो तिर्त्साह’. बायबलातल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात ती येते आणि ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात पुन्हा येते. यातलं क्रियापद बेताच्या अर्थाचं आहे. लढाईत शत्रूला मारणं किंवा जनावर कापणं यासाठी हिब्रूत वेगळी क्रियापदं येतात. हे क्रियापद माणसाने माणसाचा जीव घेण्याबद्दलचं. म्हणून ‘हिंसा’ इथे फार रुंद पडते. हिंसेत मुंगीही येते, आणि या आज्ञेत मुंगी नाही.

मुंगी जिथे येते ते वाक्य तर आपल्या नागपुरात पोरासोरांना पाठ आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून इथल्या घराघरांत पंचशील म्हटलं जातं. त्यातलं पहिलं शील ‘पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि’. पाण म्हणजे प्राण, प्राण असलेला कोणताही जीव. आजींच्या ‘हिंसा’ला हे शील जवळचं आहे. दोन्हींतला व्याकरणाचा फरकही बघण्यासारखा आहे. ‘समादियामि’ म्हणजे मी घेतो, मी पत्करतो. तिथे माणूस स्वतःच बोलतोय. ‘लो तिर्त्साह’मध्ये समोरच्याला सांगणं आहे, आणि तेही एकवचनात: तू. म्हणून ‘करू नये’सुद्धा चालणार नाही. ‘नये’ हे पाटीवरचं मराठी. ‘येथे थुंकू नये’ वाचताना प्रत्येकाला वाटतं, हे दुसऱ्या कुणासाठी लिहिलंय. ‘नको’ म्हटलं की सुटका नाही.

मग ‘मारू नको’ का नाही? कारण मराठीत मारणं फार स्वस्त आहे. मारणे हे मरणे या क्रियापदाचं प्रयोजक रूप, म्हणजे मुळात मरायला लावणं. पण आपण चक्कर मारतो, हाक मारतो, बुडी मारतो, गप्पा मारतो. आई पोराला “लहानग्याला मारू नको” म्हणते तेव्हा पाठीत घातलेल्या धपाट्याबद्दल बोलत असते.

काकांचा ‘हत्या’ चुकीचा नाही, पण त्या शब्दाला पापाचा वास आहे. ब्रह्महत्या, गोहत्या, भ्रूणहत्या, आत्महत्या हे शब्द नुसते उच्चारून बघा. मेलेला कोण यावर तिथे पातकाचं वजन ठरतं. ‘वध’ त्याच्या उलट. कंसाचा वध होतो, अफजलखानाचा वध होतो; वध म्हटलं की मरणाऱ्याला ते मिळायलाच हवं होतं असं बोलणाऱ्याने ठरवून टाकलेलं असतं. ‘खून’ या दोघांपेक्षा सपाट आहे. राजाचाही खूनच, हमालाचाही खूनच. मेलेला कोण होता हे तो शब्द विचारत नाही, आणि आज्ञेला नेमका असाच शब्द हवा.

‘खून’ फारसीतून आला. तिकडे त्याचा अर्थ रक्त. हिंदीत तो अर्थ अजून जिवंत आहे, आणि आपलं शहर दोन्ही भाषा बोलणारं. सीताबर्डीवर कुणाचा पाय सोलवटला की “खून निकल रहा है” असंच ऐकू येतं. मराठीने रक्ताला रक्त ठेवलं आणि खून फक्त गुन्ह्यासाठी राखला. कायद्यातही तेच. खुनाच्या शिक्षेचं कलम दंड संहितेत ३०२ होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ते १०३ झालं, शब्द मात्र ‘खून’च राहिला. त्याखाली ‘सदोष मनुष्यवध’ आहे. प्रत्येक खून हा मनुष्यवध असतो, प्रत्येक मनुष्यवध खून नसतो.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. हिब्रू क्रियापद आपल्या ‘खून’हून थोडं सैल आहे. ‘अनुवाद’ पुस्तकात एक दाखला आहे: दोघं रानात लाकूड तोडायला गेले, कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून निसटलं आणि सोबत्याला लागून तो मेला. पातं निसटलेल्या माणसालाही तिथे याच धातूपासून झालेला शब्द लावला आहे, आणि त्याला पळून जाऊन राहता यावं म्हणून आश्रयाची नगरं ठरवून दिली आहेत, एकूण सहा. मराठीत त्याला आपण खुनी म्हणणार नाही. एवढी फट राहते. तरी हाताशी असलेल्या शब्दांत ‘खून’च सगळ्यांत नीट बसतो.

मुलीला शुद्धलेखनापुरतं एक सांगा. आपल्याकडे बोलताना ‘ण’चा ‘न’ होतो. पाणी पानी होतं, कोण कोन होतो, तशी खूणही खून होते. मी लहान असताना आमच्या मास्तरांनी काइन आणि हाबेलाची गोष्ट सांगितली होती. काइनाने भावाचा खून केला आणि मग देवाने काइनावर खूण केली, त्याला कुणी मारू नये म्हणून. मास्तर उमरेडकडचे, त्यांच्या तोंडी दोन्ही शब्द एकच. “त्यानं खून केला, मंग देवानं त्याच्यावर खून केली.” वर्गातली अर्धी पोरं गोंधळली. मला मात्र ते वाक्य तेव्हापासून चिकटलं आहे. त्या गोष्टीत खुनाच्या आधी काय आहे तेही बघा. काइन संतापतो, त्याचं तोंड उतरतं, आणि देव त्याला विचारतो, तू का संतापलास? हाबेल तेव्हा अजून जिवंत असतो.

आता काकूंनी सांगितलेल्या वचनाकडे येऊ. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात, डोंगरावरच्या प्रवचनात, येशू आधी ही आज्ञा सांगतो आणि मग म्हणतो, मी तर सांगतो की जो भावावर रागावतो तोही न्यायाला पात्र होतो. पुढे दोन शिव्या येतात. मराठी बायबलात त्या ‘वेडगळा’ आणि ‘मूर्खा’ अशा आहेत. मूळ ग्रीक मजकुरात पहिली शिवी ग्रीकच नाही. लिहिणाऱ्याने ती अरामी बोलीतून तशीच उचलली आहे: ‘राका’. अर्थ, रिकामा. डोक्यात काही नसलेला, कुचकामी. आपल्या ‘रिकामटेकडा’शी ती कानाला जुळते, पण नातं काही नाही, एक सेमिटिक कुळातली, दुसरी संस्कृत ‘रिक्त’च्या घरातली. मला विचाराल तर नागपूरच्या घरात राकाच्या जागी ‘बह्याड’ येईल.

आणि मुलीच्या प्रश्नाचं उत्तरही त्या ‘बह्याड’मध्येच आहे. “काय बे बह्याडा, कुठी होता इतके दिवस?” असं म्हणत दोन मित्र गळ्यात पडतात. त्यात कुणी मरत नाही. वचनाची सुरुवात शिवीपासून होत नाही, रागापासून होते. शिवी नंतर येते. बहीण दादाला हसत मूर्ख म्हणत असेल तर तिला निवांत झोपू द्या. कायदा मात्र इथे उलट्या बाजूने जातो. गंभीर आणि अचानक प्रक्षोभ झाला असेल तर खुनाचा सदोष मनुष्यवध होतो. रागामुळे गुन्हा हलका होतो. या वचनात रागापासूनच गुन्हा मोजायला सुरुवात होते.

त्याच वचनात ‘मूर्खा’ म्हणणाऱ्याला अग्निनरकाची शिक्षा सांगितली आहे. तिथला ग्रीक शब्द ‘गेएन्ना’, मुळात यरुशलेमच्या दक्षिणेची हिन्नोमची दरी, हिब्रूत ‘गे हिन्नोम’. हेच नाव अरबीत ‘जहन्नम’ झालं आणि फारसी-उर्दूवाटे आपल्यापर्यंत पोचलं. सदरच्या चौकात गाडीला गाडी घासली आणि कुणी “जा जहन्नममध्ये” म्हणून ओरडलं, तर त्याच्या तोंडी त्या वचनातला शब्द असतो. ज्या ठिकाणाची धास्ती रागावणाऱ्याला घातली होती, तिथे तो समोरच्याला पाठवतो.

यहुदी परंपरेत हा विचार आणखी बारकाईने आला आहे. चारचौघांत दुसऱ्याची लाज काढणारा जणू रक्त सांडतो, असं तालमूद या त्यांच्या धर्मग्रंथात म्हटलं आहे, आणि पुरावा चेहऱ्याचा दिला आहे: लाली जाते, पांढरेपणा येतो. मराठीतही आपण म्हणतो, चेहरा पांढराफटक पडला. रक्त खरंच कुठेतरी गेलेलं असतं.

ताई, मराठीत असं काही आहे का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर ‘वर्म’ हे आहे. हा शब्द संस्कृत ‘मर्म’पासून आला. संस्कृतात ‘वर्मन्’ असा वेगळाच शब्द आहे, त्याचा अर्थ चिलखत. आपलं वर्म म्हणजे नेमकी चिलखत नसलेली जागा. मर्म हा शब्द ‘मृ’ म्हणजे मरणे या धातूशी जोडला जातो: जिथे लागलं तर माणूस मरतो ती जागा. सुश्रुताने शरीरात अशी १०७ मर्मं मोजली आहेत. ही वैद्याची आणि योद्ध्याची भाषा आपण उचलून बोलण्याला लावली. वर्मी लागलं, वर्मावर बोट ठेवलं, जिव्हारी लागलं. ‘जिव्हारी’मध्ये तर जीव उघड दिसतो. मनाला लागलेलं दोन दिवसांत निवतं, जिव्हारी लागलेलं निवत नाही, हा फरक कुणी न शिकवता आपल्याला कळतो.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचं विवरण आहे. तिथे ज्ञानदेव हातापायांच्या अहिंसेवर थांबत नाहीत, वाचेच्या अहिंसेवर येतात, आणि जी वाणी टाकून द्यायची तिची यादी देतात. त्या यादीत उपहास आहे, छळ आहे आणि ‘वर्मस्पर्शु’ आहे. स्पर्श म्हणतात ते. घाव नाही, वार नाही. वर्माला बोट लागलं तरी पुरे. अहिंसेच्या विवरणात हा शब्द ठेवून ज्ञानदेवांनी मराठीत ते नातं इसवी सन १२९० मध्येच जुळवून ठेवलं आहे. काकूंचं वचन परक्या मुलखातलं असलं तरी मराठी कानाला परकं वाटायचं कारण नाही.

अजून एक वाक्य आहे, ते मी लिहू की नको असं मनात होतं. “मेलास तू मला.” दुसऱ्या भाषांत असंच कुणी म्हणत असेल, पण मराठीत त्याची बांधणी भयंकर नेमकी आहे. ‘मेलास’ हा भूतकाळ. धमकी नाही, शाप नाही, झालेली गोष्ट सांगावी तसं. आणि ‘मला’ ही चतुर्थी: माझ्यापुरता, माझ्या हिशेबात. जगात तू चालत-बोलत राहशील, पण माझ्याकडची तुझी नोंद संपली. त्या वाक्यात मारणारा दिसतच नाही. क्रियापद अकर्मक आहे, मरणारा जणू आपणहून मेला.

हे वाक्य मी माझ्या धाकट्या भावाला म्हटलं आहे. घराच्या वाटणीची बोलणी चालली होती, डिसेंबरचे दिवस, तो ओसरीवर संत्रं सोलत बसला होता. मी ते म्हणालो आणि त्याचे हात थांबले. चेहरा पांढरा पडणं म्हणजे काय ते मी तेव्हा पाहिलं. त्याने काही उत्तर दिलं नाही. सोललेलं साल एकेक पाकळी करून पुन्हा त्या संत्र्याभोवती लावलं, ते ताटलीत ठेवलं आणि चपला घालून गेला. सालाच्या फटींतून आतलं संत्रं दिसत होतं. चार वर्षं आम्ही बोललो नाही.

मत्तयात त्या वचनाला लागूनच आणखी एक सांगणं आहे. तू अर्पण घेऊन वेदीपाशी आला आहेस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं तिथे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर. भावाच्या मनात काही आहे, असं तिथे म्हटलंय. तुझ्या मनात, असं नाही. हे मी पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवलं आणि मानेवाड्याला त्याच्या घरी गेलो.

लहानपणापासून तो मला ‘तू’ म्हणायचा. आमच्याकडे थोरल्या भावाला ‘तू’च म्हणतात. त्याने दार उघडलं, जरा थांबला, आणि बाजूला होत म्हणाला, “या, दादा. बसा.” आता आमचं येणं-जाणं आहे, दिवाळीला पोरं एकत्र असतात. पण तो अजून मला ‘तुम्ही’च म्हणतो.