काडतुसातल्या हलक्या बारासाठी दारू कोणती?

प्रश्न : सर, भातपिकाच्या राखणीसाठी आमच्याकडं परवान्याची बाराबोर बंदूक आहे. थोरली नेमबाजी शिकते आहे, पण बाराचा धक्का तिच्या खांद्याला सोसत नाही. रिकाम्या काडतुसांत घरीच हलका बार भरावा म्हणतो. दारू कुठली घेऊ?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : दादा, घरी भरू नका. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणं काडतूस तयार करायला वेगळा परवाना लागतो. बंदुकीचा परवाना त्याला चालत नाही.

आता दारूचं. हलक्या बाराला लवकर जळणारी धूरविरहित दारू लागते. छरे कमी, म्हणजे पुढून अडवणूक कमी. सावकाश जळणाऱ्या दारूला पुरेसा दाब मिळत नाही, ती अर्धवट जळते, नळीत कण राहतात आणि बार फुसका जातो. थंडीत तर जास्तच. उलट, लवकर जळणारी दारू जड छऱ्यांमागं घातली की दाब एकदम चढतो. टोपी (ठिणगी देणारी), बूच (दारू आणि छऱ्यांमधलं), खोळ (काडतुसाचं कवच) यांतलं काही बदललं तरी दाब बदलतो. म्हणून कारखान्यानं तपासलेल्या मापातच भरतात, तेही काट्यावर तोलून. आणि ठासणीच्या बंदुकीतली काळी दारू ज्या मापानं घालतात, त्याच मापानं धूरविरहित दारू कधीच घालायची नाही. नळी फुटते, हात जातो. हे मी प्रत्येक पोराला पहिल्याच दिवशी सांगतो.

लेकीसाठी २४ ग्रॅम छऱ्यांची तयार काडतुसं परवानाधारक दुकानातून घ्या. ऑलिंपिक ट्रॅपमध्येही, म्हणजे उडत्या चकत्या टिपायच्या स्पर्धेतही, तेवढेच छरे असतात. आधी बंदुकीचा दस्ता (खांद्याला टेकवायचा भाग) तिच्या हाताच्या मापाचा आहे का बघा. लांब दस्ता असला की हलका बारही खांद्याला लागतो.