क्रिनोलिन, कॅनकॅन आणि जवसाची चटणी

एका वाचकाचा प्रश्न आला आहे. बहिणीच्या लग्नाचा लेहेंगा शिवायला टाकलाय. शिंपी म्हणतो खाली कॅनकॅन लावू, बुटीकवाली म्हणते क्रिनोलिन लावू. दोन्ही एकच का? आणि जुन्या युरोपीय चित्रांतल्या बायकांचे ते घुमटासारखे झगे म्हणजेच क्रिनोलिन ना? मराठीत त्याला घागरा म्हटले तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण डोके तिथेच फिरले. नाही चालणार. परवाच एका परदेशी मालिकेच्या मराठी उपशीर्षकांत 'तिने घागरा सावरला' असे वाचले आणि चहाचा कप खाली ठेवला. घागऱ्याचा घेर कापडाचा असतो. कळ्या जोडा, चुण्या घाला, नेसणारी गिरकी घेते तेव्हा तो फुलतो आणि थांबली की खाली पडतो. त्या चित्रांतल्या झग्याचा घेर कापडाचा नाहीच, पोलादाचा आहे. कापड वरून नुसते पांघरलेले. बाई थांबली तरी घेर तसाच ताठ उभा. आकाशकंदिलाच्या कागदावरून कंदिलाला कागद म्हणावे, तसला हा प्रकार.

कॅनकॅनबद्दल थोडक्यात. हा पॅरिसमधला लाथा उडवायचा नाच. त्यासाठी गाजलेले पॅरिसचे नाचघर 'मुलाँ रूज' उघडले 1889 मध्ये, तेव्हा पोलादी घेर फॅशनमधून जाऊन वीसेक वर्षे झाली होती. त्या नाचणाऱ्या बायका झालरींचे थरावर थर घालत, म्हणून आपल्या लेहेंगेवाल्यांनी ताठ नेटच्या थरांना ते नाव दिले. दुकानदारी नाव आहे, चालू द्या. पण पोलादी कड्यांच्या झग्याला कॅनकॅन म्हणणाऱ्याने तो घालून एकदा पाय वर करून दाखवावा.

आता मुद्द्याचा शब्द. क्रिनोलिन हे झग्याचे नाव नाही, घेराचे नाही, आकाराचे तर नाहीच. ते मुळात एका कापडाचे नाव आहे. फ्रेंचमध्ये 'क्रँ' म्हणजे घोड्याच्या आयाळीचे आणि शेपटीचे राठ केस, लॅटिन 'क्रिनिस'वरून. दुसरा अर्धा भाग 'लँ', लॅटिन 'लिनुम', म्हणजे जवस. होय, तोच जवस, ज्याची चटणी लसूण घालून भाकरीबरोबर आपण खातो. आपण बी खाल्ले, त्यांनी दांड्याचा वाक, म्हणजे तंतू, काढून कापड विणले. उभे धागे जवसाचे किंवा सुताचे, आडवे घोड्याच्या केसांचे. आडवा धागा केसाहून लांब मिळत नाही, म्हणून या कापडाचा पन्हा घोड्याच्या शेपटीइतकाच. व्युत्पत्ती ती हीच. घोडा अधिक जवस.

आणि हा जवस तिथे थांबत नाही. 'लिनुम'पासून 'लिनेआ', म्हणजे जवसाचा दोरा. त्यावरून इंग्रजी लाइन. म्हणजे आपला गवंडी भिंतीला जी लाइनदोरी लावतो ती अक्षरशः दोरीदोरी झाली. शिंपी अस्तराला लायनिंग म्हणतो, त्यातही जवस. रेशनच्या लाइनीत जवस, कॉलेजच्या कट्ट्यावर कोणी लाइन मारतो त्यातही जवस. मला ही साखळी पहिल्यांदा लागली तेव्हा मी घरातल्या प्रत्येकाला पकडून सांगितली होती. सौ. म्हणाली, चटणी संपलीय, तेवढे बघा.

इथे दोन भांडणे मिटवून टाकतो. पहिले, शब्द इटालियन 'क्रिनोलिनो'वरून फ्रेंचमध्ये आला असे काही इंग्रजी कोश लिहितात. मला पटत नाही. कापड गाजले फ्रान्समध्ये, उदिनो नावाच्या कारखानदाराने ते सैनिकांच्या ताठ गळपट्ट्यांसाठी वापरले, मग 1840 च्या आसपास बायकांच्या परकरांत घातले, आणि दोन्ही तुकडे फ्रेंच भाषेत घरचेच. मग नाव आणायला आल्प्स ओलांडायची गरज काय? दुसरे, 'क्रिनिस' म्हणजे आपला 'केश'च, असे आमच्या गटातले एक विद्वान दर सहा महिन्यांनी जाहीर करतात. त्यांना माझी नम्र विनंती: दोन शब्दांत क आहे आणि दोन्हींचा संबंध केसांशी आहे, एवढ्याने सोयरीक जुळत नाही. याच गृहस्थांनी 'पाव' हा शब्द चार भागांतल्या एका भागावरून आला असे छापून आणले होते. पावावर पुढे येतोच.

तर, घोडकेसांचे परकर, त्यावर खळ दिलेले आणखी चार-पाच परकर, असे ओझे बायका कमरेला बांधत होत्या. 1856 मध्ये पॅरिसमध्ये पोलादी सांगाड्याचे पेटंट निघाले आणि ओझे गेले. रचना साधी आहे. कमरेला पट्टा. पट्ट्यावरून खाली सोडलेल्या उभ्या सुती पट्ट्या. त्यांना ठरावीक अंतरावर अडकवलेली कडी, वर लहान, खाली मोठी. कडे म्हणजे पाणी दिलेल्या पोलादाची चपटी पट्टी, घड्याळाच्या स्प्रिंगच्या जातीची. वाकवली की वाकते, सोडली की मूळ गोलाईला येते. तिच्यावर सुताची विणलेली खोळ, म्हणजे गंज कापडाला लागत नाही. सांध्यावर रिबिट किंवा बुटाच्या नाडीच्या भोकांना असतात तसले पितळी डोळे. वरची काही कडी पुढून उघडी, बाईला आत शिरता यावे म्हणून. खालची बंद. सगळ्यात खालचे कडे फार मोठ्या नमुन्यांत 6 वारांपर्यंत जाई. म्हणजे सहावारीच! आपल्याकडे अंगाभोवती गुंडाळायची, त्यांच्याकडे अंगापासून लांब उभी करायची.

खरी करामत पट्ट्यांत आहे. कडी एकमेकांना कुठेच जोडलेली नसतात, पट्ट्यांवर लोंबतात. म्हणून बाई बसली की ती घडीच्या कंदिलासारखी एकात एक मिटतात. हे मला पुतणीच्या एकांकिकेने शिकवले. तिच्या मित्रमंडळींनी वायरिंगची प्लास्टिक नळी वाकवून पाच कडी केली आणि ती उभ्या नळ्यांनीच पक्की जोडली. उभी होती तोवर राणी दिसत होती. सिंहासनावर बसली आणि पुढचा सगळा घेर तोंडासमोर आला. प्रेक्षकांना फक्त मुकुट दिसला. उभ्या नळ्यांच्या जागी नाडीची पट्टी लावली असती तर निभावले असते.

या पोलादाच्या मागणीवर कारखाने चालले. आज मोटारींसाठी माहीत असलेले प्यूजो घराणे तेव्हा करवती आणि कॉफी दळायच्या चक्क्यांबरोबर क्रिनोलिनची पोलादी कडीही बनवत होते. मात्र शब्दाची गंमत बघा. सांगाड्यात घोड्याचा एक केस नाही, जवसाचा एक धागा नाही, तरी नाव क्रिनोलिनच राहिले. आतला माल बदलला, पाटी तीच.

आता पाव. अठराव्या शतकात, म्हणजे पोलादी कड्यांच्या आधी, कमरेच्या दोन बाजूंना फुगवटा देणारा जो सांगाडा होता त्याचे फ्रेंच नाव 'पान्ये', म्हणजे टोपली. मूळ लॅटिन 'पानारियुम', पावाची टोपली, 'पानिस' म्हणजे पाव यावरून. त्याच 'पानिस'चे पोर्तुगीजमध्ये 'पांव' झाले आणि गोव्यातून आपल्या वड्याभोवती आले. त्याच्याही आधी, पंधराव्या शतकात, स्पेनमध्ये 'वेर्दुगादो' होता. 'वेर्दुगो' म्हणजे हिरवी लवचीक डहाळी. इंग्रजांनी त्याचे 'फार्दिंगेल' केले आणि मग फार्दिंग नाण्याशी त्याचा संबंध लावणारे निघाले. शहाणे सगळीकडे सारखेच.

हे सांगितले ते एवढ्यासाठी की युरोपने या वस्तूला नाव देताना दरवेळी हाताशी असलेला माल किंवा भांडे घेतले: डहाळी, टोपली, घोड्याचे केस. मराठीनेही तेच करावे. माझा शब्द आहे डालगे. कोंबड्या झाकायचे बुरडाचे डालगे ज्याने पाहिले आहे, त्याला चित्र दाखवायची गरज नाही. वर अरुंद, खाली रुंद, कामट्यांची गोल कडी. हा शब्द मी सुचवला तेव्हा एक बाई रागावल्या, बाईच्या अंगावर कोंबड्यांचे डालगे? अहो, खुद्द इंग्रज त्याला केज म्हणत होते. मग दुसऱ्यांनी 'पिंजरा' सुचवला. पिंजऱ्याला तळ असतो आणि दार असते. डालग्याला तळ नसतो, ते वरून घालतात. झग्याचेही तसेच. यावर अजून उत्तर आलेले नाही.

हां, तुमचा लेहेंगा. शिंप्याचे कॅनकॅन म्हणजे नेटचे थर, त्यात शंका नाही. बुटीकवालीला मात्र विचारा की क्रिनोलिन म्हणजे आतला पूर्ण परकर, की काठाच्या आतून शिवायची ती ताठ जाळीदार पट्टी. बहुतेक पट्टीच असेल. ती हल्ली नायलॉनची येते. घोडाही नाही, जवसही नाही.