लुईस-क्लार्क मोहीम आणि डास: ते रडगाणं नव्हतं

प्रश्न असा आहे की जुन्या शोधमोहिमांच्या रोजनिश्यांत पानोपानी डासांबद्दल का लिहिलेलं असतं. समोर अस्वलं, धबधबे, उपासमार असताना डासांचं काय एवढं? वर एकाने उत्तर दिलंय की त्या काळच्या माणसांना सवयच असायची, लिहिताना थोडं तिखटमीठ लावलं असेल. मला हे मुळीच पटत नाही. का ते एकाच मोहिमेवरून सांगतो, कारण तिच्या नोंदी मी बरीच वर्षं वाचतोय. मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क या दोन अमेरिकी लष्करी अधिकाऱ्यांची मोहीम, १८०४ ते १८०६, मिसुरी नदीने वर चढून पॅसिफिकपर्यंत आणि परत.

आधी अस्वलांचं. ग्रिझलींनी या लोकांचा पाठलाग केला, त्यांना नदीत उड्या मारायला लावल्या, पण जीव एकाचाही घेतला नाही. अस्वल येतं आणि जातं. जीव वाचला की रात्री शेकोटीपाशी सांगायला गोष्ट होते. डास संध्याकाळी येतात ते रात्र खाऊन टाकतात, आणि सकाळी त्याच न झोपलेल्या माणसांना प्रवाहाविरुद्ध होड्या दोराने ओढायच्या असतात.

तयारी नव्हती असंही नाही. १८०३ मध्ये फिलाडेल्फियाला केलेल्या खरेदीत मच्छरदाण्यांसाठी कापडाचे आठ तुकडे आहेत. १८०५ च्या जुलैत एका संध्याकाळी लुईसची मच्छरदाणी मागे राहून गेली. त्या रात्री त्याने रोजनिशीत रागाने शपथच घातलीय की या प्रवासात असा निष्काळजीपणा पुन्हा होणार नाही. एरवी झाडांची पानं मोजून वर्णन लिहिणारा हा माणूस आहे. त्याच महिन्यात तो डास, डोळ्यांत जाणारी चिलटं आणि पायात घुसणारा निवडुंग या तिघांची तुलना बायबलातल्या इजिप्तवरच्या शापांशी करतो.

मच्छरदाणी मागे राहणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. नोकरीनिमित्त काही वर्षं भामरागड भागात होतो. एकदा पावसाळ्यात नदीकाठच्या गावी मुक्काम पडला आणि दाणी आदल्या गावातच राहिली. चादर डोक्यावरून घेतली की आत गुदमरायला होतं. नाकापुरती फट ठेवली की ते बरोबर तिथूनच आत येतात, कारण श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचाच माग काढत ते येत असतात. आणि चादर जिथे अंगाला चिकटते, म्हणजे कान, कोपरा, गुडघा, तिथे ते कापडातून चावतात. पहाटे मी उठून बसलो होतो आणि साधी बेरीज जमत नव्हती. ही एका रात्रीची गोष्ट. त्या माणसांचे उन्हाळेच्या उन्हाळे असे गेले.

परतीच्या वर्षीच्या नोंदी जास्त बोलक्या आहेत, कारण तोवर सामान झिजलं होतं. १५ जुलै १८०६ ला मिसुरीच्या मोठ्या धबधब्यांपाशी लुईस लिहितो की दिवसाचा पाऊण भाग मच्छरदाणीतच काढावा लागतोय, श्वास घेताना डास घशात जातात, आणि त्याचा कुत्रासुद्धा वेदनेने विव्हळतोय. हा न्यूफाउंडलंड जातीचा दाट केसांचा कुत्रा. त्याआधी जुलैच्या सुरुवातीला घोड्यांसाठी मोठे जाळ करावे लागले होते. घोडे आपणहून धुरात जाऊन उभे राहिले, तोवर ते वेडेपिसे होतात की काय असं लुईसला वाटलं होतं. आपल्याकडे गोठ्यात दिवेलागणीला कडुनिंबाच्या पाल्याची धुरी करतात. ती ज्यांनी पाहिलीय त्यांना हे घोडे डोळ्यांसमोर दिसतील.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. ३ जुलै १८०६ ला दोघे कप्तान वेगळे झाले होते. लुईस उत्तरेकडून, क्लार्क यलोस्टोन नदीने, आणि दोन्ही तुकड्या यलोस्टोन व मिसुरीच्या संगमावर भेटणार असं ठरलं होतं. हजारो मैलांच्या त्या मुलखात भेटीची खूण ती एवढीच. क्लार्क ३ ऑगस्टला संगमावर पोचला आणि ४ ऑगस्टला निघून गेला. मांस वाळवण्याइतके बायसन (अमेरिकी रानगवे) तिथे नव्हते हे खरं, पण त्याच्या नोंदीत त्याआधी येतात ते डास. माणसांना कातडी कमावायचं काम करता येईना, काठाच्या सखल भागात शिकारीला फिरता येईना. मच्छरदाण्या उरल्या नव्हत्या, पांघरायला होती ती भोकं पडलेली घोंगडी. मोहिमेतल्या दुभाष्याची शोशोनी बायको साकागावेया, तिचं मूल बरोबर होतं, वय दीड वर्ष. त्याचा चेहरा चावून चावून सुजला होता, हे क्लार्कने वेगळं नोंदवलंय. ५ ऑगस्टला क्लार्क पहाडी मेंढ्यावर नेम धरायला गेला, तर बंदुकीवर डास इतके बसत होते की नेम लागेपर्यंत ते हटेनात. गोळी चुकली.

लुईससाठी क्लार्कने चिठ्ठी ठेवली होती. पण क्लार्कच्याच तुकडीतल्या, मागून आलेल्या सार्जंट प्रायरने, लुईस पुढे गेला असणार असं समजून ती काढून घेतली. लुईस ७ ऑगस्टला संगमावर आला तेव्हा काठीवरच्या कागदावर क्लार्कच्या अक्षरात फक्त लुईसचं नाव होतं, आणि तळावर दुसऱ्या एका चिठ्ठीचा फाटका तुकडा. तेवढ्यावरून अंदाज बांधून तो पुढे निघाला. भेट झाली १२ ऑगस्टला. चिठ्ठीचा तो तुकडाही वाऱ्याने उडाला असता तर लुईस किती दिवस तिथे वाट बघत राहिला असता, याचा विचार करून बघा.

एवढे डास तिथे का, हेही कुणीतरी विचारलंय. पूरमैदानात वाढणाऱ्या डासांच्या काही जाती अंडी पाण्यावर न घालता ओलसर जमिनीत घालतात. ती सुकली तरी तग धरतात. डोंगरातला बर्फ वितळून नदी काठाबाहेर गेली की सगळी एकदम फुटतात. म्हणून जून-जुलै तिथे असा असतो, आणि म्हणूनच क्लार्कची माणसं वारा लागेल अशा नदीच्या मधल्या वाळूच्या पट्ट्यांवर मुक्काम शोधत होती. त्या काळात तोच खरा उपाय होता.

हिवतापाचंही सांगतो, कारण इथे बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. लुईसने पंधरा पौंड सिंकोनाच्या सालीची, म्हणजे हिवतापावरच्या औषधाची, पूड घेतली होती. औषधांवर सुमारे नव्वद डॉलर खर्च झाला, त्यातले तीस एकट्या या सालीचे. म्हणजे हिवतापाची धास्ती चांगलीच होती. पण ताप दलदलीच्या दूषित हवेने येतो अशीच तेव्हाची समजूत होती. त्यामुळे साल तापासाठी आणि दाणी झोपेसाठी, दोन्हींचा एकमेकींशी संबंध आहे हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत दिसले ते २० ऑगस्ट १८९७ ला. म्हणून या रोजनिश्यांतली डासांबद्दलची तक्रार आजाराच्या भीतीपोटी केलेली नाही. ती निव्वळ चावण्याची, न झोपण्याची, काम न होण्याची आहे.

वेळ असेल तर १८०६ च्या ३ ते १२ ऑगस्टच्या नोंदी दोघांच्याही शेजारी शेजारी ठेवून वाचा. क्लार्कचं स्पेलिंग अडवेल, डास हा शब्द तो दर वेळी वेगळाच लिहितो. मोठ्याने वाचलं की कळतं.